दोन कॅमेऱ्यांनी कास्टिंगची उंची मोजताना: कॅलिब्रेशनच्या नोंदी

९ जून

आज काम पक्के झाले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंग (कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढणे) झालेली ब्रॅकेट लोखंडी ट्रेमधून रोलर कन्व्हेयरवर येतात. ट्रे साधारण ३८० मिमी चौरस, आत कास्टिंग आडवीतिडवी, एकावर एक. रोबोटने वरचे कास्टिंग उचलून मशीनिंगच्या फिक्स्चरवर ठेवायचे. त्यासाठी त्या कास्टिंगची उंची ±१.५ मिमीच्या आत कळली पाहिजे. त्याहून चुकले तर ग्रिपर एक तर हवेत मिटतो, नाही तर कास्टिंगवर आपटतो.

दोन कॅमेऱ्यांचा स्टिरिओ जोड वापरायचे ठरले. कॅमेरे वरून खाली बघतील. ट्रेचा तळ त्यांच्यापासून ११५० मिमी आणि पूर्ण भरलेल्या ट्रेचा माथा ८५० मिमी. सेन्सर १४४० × १०८० पिक्सेलचा, एक पिक्सेल ३.४५ मायक्रॉन, शटर ग्लोबल, म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारे. लेन्स ८ मिमी. म्हणजे पिक्सेलच्या भाषेत फोकल लांबी सुमारे २३२०.

हिशेब कागदावरच करून ठेवला, कारण कॅमेरे विकत घेतल्यावर हा हिशेब करणे महागात पडते. अंतर = फोकल लांबी × बेसलाइन ÷ डिस्पॅरिटी. बेसलाइन म्हणजे दोन कॅमेऱ्यांमधले अंतर. डिस्पॅरिटी म्हणजे एकच बिंदू डाव्या आणि उजव्या चित्रात किती पिक्सेलने सरकलेला दिसतो ते. बेसलाइन २०० मिमी धरली तर एका मीटरवर डिस्पॅरिटी ४६४ पिक्सेल येते आणि एका पिक्सेलच्या चुकीला अंतर २.१५ मिमीने चुकते. पाव पिक्सेलपर्यंत जुळवणी जमली तर अर्धा मिलिमीटर. बेसलाइन १२० घेतली असती तर एका पिक्सेलला ३.६ मिमी गेले असते. ही चूक अंतराच्या वर्गाने वाढते, म्हणून ट्रेच्या तळाशी आपली खरी कसोटी आहे.

२०० च्या वर का नाही? एका मीटरवर एका कॅमेऱ्याला ६२० मिमी रुंदी दिसते. दोघांना मिळून दिसणारा पट्टा त्यातून बेसलाइन वजा करून ४२० उरतो. ट्रे ३८० चा. बसते, पण जेमतेम. माथ्याजवळ तो पट्टा आणखी अरुंद होतो. तिथे कडेची कास्टिंग एकाच कॅमेऱ्याला दिसतील. वरचा थर मधूनच उचलायला घ्यायचा, हे रोबोटवाल्यांशी आजच बोलून घेतले.

११ जून

आपल्या शेडमध्ये बाकावर जोडणी. ॲल्युमिनियम प्रोफाइलवर दोन कॅमेरे, धारक थ्रीडी प्रिंटरवर काढलेले. वर्नियरने बेसलाइन २०० बसवली.

ॲपर्चरवर, म्हणजे लेन्सचे छिद्र किती उघडे ठेवायचे यावर, थोडा वाद झाला (आकडा मोठा तितके छिद्र लहान). धाकट्या सहकाऱ्याचे म्हणणे, "ताई, ८ वर ठेवू, सगळं खोलवर शार्प येईल." खोली मिळते हे खरे, पण ८ वर विवर्तनाचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याचा) ठिपका तीन पिक्सेल रुंद होतो आणि बोर्डाचे कोपरे मऊ पडतात. ५.६ वर तो दोन पिक्सेलचा राहतो आणि फोकस एका मीटरवर ठेवला तर ७७० पासून १४३० मिमीपर्यंत सगळे नीट दिसते. आपल्याला ८५० ते ११५० हवे. ५.६ वर थांबलो.

फोकस आणि ॲपर्चर दोन्हींचे लॉक स्क्रू आवळले, वर रंगाचा थेंब टाकला. फोकसची रिंग फिरली की फोकल लांबीही बदलते. कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांची फोकल लांबी, वक्रता आणि परस्पर जागा मोजून ठरवणे) झाल्यावर कुणी "जरा शार्प करतो" म्हणून हात लावला तर तिथून पुढचे सगळे आकडे खोटे. तो थेंब फुटलेला दिसला की पुन्हा कॅलिब्रेशन करायचे, एवढा नियम सगळ्यांना सांगून ठेवला.

१३ जून

पहिले कॅलिब्रेशन. झेरॉक्सच्या दुकानातून बुद्धिबळाचा पट छापून आणला: २५ मिमीचे चौकोन, आतले कोपरे ९ × ६. एक बाजू विषम आणि दुसरी सम मुद्दाम ठेवतात, म्हणजे बोर्ड उलटा धरला तरी कोणता कोपरा पहिला याचा सॉफ्टवेअरला संभ्रम होत नाही. कागद हार्डबोर्डवर चिकटवला. बावीस जोड्या फोटो. ओपनसीव्ही या सॉफ्टवेअरने कोपरे शोधले; रीप्रोजेक्शन एरर, म्हणजे गणिताने काढलेला कोपरा आणि फोटोतला कोपरा यांतला फरक, ०.१९ पिक्सेल.

शेडमध्ये आनंद. पहिल्याच दिवशी ०.१९!

संध्याकाळी एक ५० मिमीचा ग्राइंड केलेला ब्लॉक बाकावर ठेवून त्याची उंची मोजली. ५१.६. पुन्हा मोजली. ५१.७. ब्लॉक खोटा असणे शक्य नाही, तो स्टँडर्ड रूममधून (प्रमाण मापे ठेवतात त्या खोलीतून) सहीने आणलेला आहे.

१४ जून

रात्रभर डोक्यात हेच होते. सकाळी कॅलिब्रेशनच्या निकालाची फाइल सावकाश वाचली आणि उत्तर तिथेच पडलेले होते. सॉफ्टवेअर म्हणत होते, बेसलाइन २०६.६ मिमी. मी ती वर्नियरने २०० बसवलेली. साडेसहा मिमी कुठून आले?

बोर्डावर वर्नियर लावला. आठ चौकोनांची लांबी १९३.६, म्हणजे एक चौकोन २४.२ चा. छापताना "पानात बसवा" हा पर्याय चालू राहिला होता. आम्ही सॉफ्टवेअरला सांगितले २५, खरे होते २४.२. सगळे जग ३.३ टक्क्यांनी फुगले: बेसलाइन फुगली, ब्लॉक फुगला, एका मीटरवरचे अंतर ३३ मिमीने फुगले. आणि रीप्रोजेक्शन एरर मात्र ०.१९ वरून हलला नाही.

हे मी आज ठळक लिहून ठेवते, कारण यापुढचे सगळे काम यावर उभे राहणार आहे. रीप्रोजेक्शन एरर एवढेच सांगतो की आपण उभारलेले गणित आपल्याच फोटोंशी जुळते. ते गणित मिलिमीटरशी जुळते का, हे त्याला ठाऊक नसते. कॅमेरा फक्त कोन बघतो. लांबी त्याला आपण देतो, आणि ती एकाच वाटेने जाते: बोर्डावरच्या चौकोनाच्या मापातून. ते माप चुकले तर कॅमेरा निमूटपणे चुकीचे जग बांधतो आणि त्या जगात सगळे नीटनेटके असते.

शंभर टक्के आकाराने पुन्हा छापून आणले. या वेळी चिकटवण्याआधी मोजले, आठ चौकोन बरोबर २००.०.

१६ जून

पाऊस. शेडमध्ये दमट. बोर्ड सहज पुन्हा मोजला तर आडवे आठ चौकोन २००.१ आणि उभे सात चौकोन १७५ च्या जागी १७५.५. स्टँडर्ड रूमचे काका आले होते, त्यांनी कागदावर नुसते बोट फिरवले आणि म्हणाले, "ताई, कागद फुगतोय की ओ. पावसाळ्यात लाकडाचं दार अडकतं, तसंच हे."

बरोबरच होते. कागदाचे तंतू एका दिशेने पसरलेले असतात. ओल धरली की ते लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, म्हणून एक बाजू वाढते आणि दुसरी फारशी वाढत नाही. ०.३ टक्के म्हणजे एका मीटरवर ३ मिमी. आपली मर्यादा दीड. काकांनी लगेच स्ट्रेट एज लावून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) सरकवले: बोर्डाच्या मध्यभागी ०.६ मिमीची फट. हार्डबोर्डही वाकला होता. कॅलिब्रेशनचे गणित बोर्ड सपाट आहे असे धरून चालते, आणि हा बोर्ड ताटलीसारखा झालेला.

कागदाला आजपासून रजा.

१९ जून

साइनबोर्ड करणाऱ्यांकडे यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटर आहे, तो थेट एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांत प्लास्टिक असलेली) छापतो. काचही चालली असती, सपाटपणात ती उत्तमच, पण तिच्यावर दिव्याची चमक येते आणि चमकेखाली कोपरे सापडत नाहीत. मॅट एसीपी घेतली, मागून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या. सरफेस प्लेटवर (नेमक्या सपाट ग्रॅनाइटवर) डायल फिरवून बघितली, सगळ्यात वाईट ठिकाणी ०.१५ मिमी. चालेल.

काकांनी ती प्रोफाइल प्रोजेक्टरखाली (आकृती मोठी करून मोजायचे यंत्र) नेऊन मोजली. आडवा चौकोन २४.९९, उभा २५.०२. प्रिंटरची एक दिशा दुसरीपेक्षा किंचित लांब छापते. हे दडपायचे कारण नाही. बोर्डावरच्या बिंदूंची यादी आपणच सॉफ्टवेअरला देतो, तिथे २५ च्या ऐवजी मोजलेले आकडे भरले. बोर्ड आदर्श नसला तरी चालतो, फक्त तो कसा आहे हे माहीत पाहिजे.

बोर्डाच्या मागे मोजल्याची तारीख आणि तापमान लिहून चिठ्ठी लावली. काकांचीच सवय, त्यांच्या प्रत्येक गेजवर ती असते.

२१ जून

आज बोर्ड कसा धरायचा हे शिकण्यात गेला.

सकाळच्या संचात बोर्ड बहुतेक वेळा कॅमेऱ्याला समोरासमोर होता, कारण तसा धरायला सोपा जातो. दोन संच घेतले. एकात फोकल लांबी २३४१ आली, दुसऱ्यात २३६८. लेन्स तीच, तास तोच. कारण असे की समोरासमोर धरलेला बोर्ड जवळ आहे की लेन्स जास्त लांब आहे, हे एका चित्रातून वेगळे करता येत नाही. दोन्हींनी बोर्ड तेवढाच मोठा दिसतो. बोर्ड तिरपा केला की जवळची बाजू मोठी आणि लांबची बाजू लहान दिसते, आणि या फरकातून फोकल लांबी स्वतंत्रपणे सुटते. झेंगयू झांग यांची २००० सालची पद्धत, जी आज जवळजवळ सगळे वापरतात, तिचा गाभा हाच आहे: एक सपाट बोर्ड, वेगवेगळ्या कलांत. त्याआधी बहुधा लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही नेमकी माहीत असलेला ठोकळा लागे, आणि तो घडवणे हेच एक वेगळे काम असे.

दुपारी ३० ते ४५ अंशांपर्यंत चारही बाजूंना कलवून घेतले. बोर्ड चित्राच्या चारही कोपऱ्यांत नेला. लेन्सची वक्रता तिथेच असते. जवळ, मध्ये, लांब. चौतीस जोड्या. फोकल लांबी आता दोन वेगळ्या संचांत २३४० आणि २३४२.

एक निर्णय नोंदवून ठेवते. लेन्सच्या वक्रतेसाठी सॉफ्टवेअर त्रिज्येच्या दिशेच्या तीन संज्ञा सोडवू देते. तिसरी चालू ठेवली की एरर ०.११ वरून ०.१०८ होतो आणि कोपऱ्यांत, जिथे बिंदू कमी आहेत, तिथे वक्रता मनमानी पसरते. तिसरी बंद केली. ८ मिमीच्या साध्या लेन्सला दोन पुरतात.

२३ जून

ओळंब्याची चाचणी. ही मला फार आवडली.

डुएन ब्राउन यांनी १९७१ साली जवळून फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांच्या कॅलिब्रेशनवर लिहिले, त्यात ओळंब्याची पद्धत आहे: ताणून टांगलेला दोरा सरळ असतो हे आपल्याला आधीच माहीत आहे, मग तो चित्रात जितका वाकडा दिसेल तितका दोष लेन्सचा. गवंड्याकडून दोन ओळंबे आणले, तिसरा आपला. पांढरा नायलॉनचा दोरा, मागे काळे कापड, ओळंब्याचे गोळे पाण्याच्या बादल्यांत बुडवले म्हणजे झुलत नाहीत. कॅमेरे अजून बाकावर आडवे आहेत म्हणून हे जमले; एकदा वर टांगले की जमणार नाही.

कच्च्या चित्रात कडेचा दोरा सहा पिक्सेल वाकलेला. कॅलिब्रेशनने सरळ केलेल्या चित्रात ०.१५. बोर्डाचा आणि या चाचणीचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून तिच्या निकालाला वजन आहे.

मग दोन्ही चित्रे एका रेषेत आणून, डावीकडचा कोपरा उजवीकडे त्याच ओळीत येतो का, हे तपासले. उभा फरक सरासरी ०.०८ पिक्सेल.

२५ जून

"टेप लावून बघू की," असे सगळेच म्हणतात, आणि आज लावलाच. लेन्सच्या तोंडापासून भिंतीपर्यंत टेपने ९७१. सिस्टिम म्हणते १००२. धाकट्याचा चेहरा उतरला.

सिस्टिम लेन्सच्या तोंडापासून मोजत नाही. ती प्रकाशकिरण जिथे एकत्र येतात असे गणितात धरले आहे त्या बिंदूपासून मोजते, आणि तो बिंदू काचांच्या आत कुठे तरी आहे. त्याला टेपचे टोक लावता येत नाही. म्हणून एकटे अंतर तपासण्यात अर्थ नाही, अंतरांतला फरक तपासायचा. वस्तू नेमकी ५० मिमी सरकवली तर सिस्टिमने ५० म्हटले पाहिजे.

स्टँडर्ड रूममध्ये सरफेस प्लेटवर स्टँड उभा करून कॅमेरे खाली तोंड करून टांगले. काळ्या ग्रॅनाइटवर जुळवायला काहीच खूण नसते, म्हणून ठिपके छापलेली छोटी प्लेट स्लिप गेजवर (नेमक्या जाडीच्या पोलादी ठोकळ्यांवर) ठेवत गेलो. ०, ५०, १००, १५०, २००, २५०, ३००. प्रत्येक ठिकाणी वीस मोजण्या. वरच्या टोकाला चूक ०.२ च्या आत, खालच्या टोकाला ०.५ पर्यंत. अंतराच्या वर्गाचा नियम नजरेसमोर दिसला. काकांनी स्लिप गेज पुसून पेटीत ठेवताना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला आणि म्हणाले, "आता तुमचा कॅमेरा आमच्या रजिस्टरात लिहायला हरकत नाही." त्यांनी तो खरेच लिहिला, गेज क्रमांकासह.

३ जुलै

फाउंड्रीत बसवले. सकाळी आठला तपासणी: चूक ०.४. समाधान.

दुपारी दोनला तीच तपासणी: २.४. संध्याकाळी भट्टीची पाळी संपल्यावर ०.९.

४ जुलै

दिवसभर दर अर्ध्या तासाला मोजले. कॅमेऱ्याच्या पट्टीवर तापमापक चिकटवला. सकाळी २६ अंश, दुपारी ३९. इंडक्शन भट्टी त्याच शेडमध्ये आहे, आणि एलईडीचा दिवा आम्हीच त्याच प्रोफाइलला बोल्टने जोडला आहे. त्याची उष्णता थेट पट्टीत उतरते.

पहिला संशय बेसलाइन लांबण्यावर. ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात २३ भाग वाढते. १३ अंशांना २०० मिमीची पट्टी ०.०६ मिमीने वाढेल, म्हणजे एका मीटरवर ०.३ मिमी. आपल्याला २.४ दिसतात. लांबी एकटी एवढे करू शकत नाही.

मग तीन उंचींवर मोजले, आणि इथे कोडे सुटले. ८५० वर चूक १.७, १००० वर २.४, ११५० वर ३.२. हे आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर मला फार बरे वाटले, कारण चुकीची चाल आपला उगम सांगते. चूक सगळ्या अंतरांवर सारखीच असेल तर शून्य (जिथून मोजतो ती पातळी) सरकला आहे. अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तर माप चुकले आहे, बोर्डाचे किंवा बेसलाइनचे. अंतराच्या वर्गाने वाढत असेल तर डिस्पॅरिटीच सरकली आहे, म्हणजे एक कॅमेरा दुसऱ्याच्या तुलनेत वळला आहे. १.७ आणि ३.२ चे गुणोत्तर वर्गाशी बसते.

किती वळला? २.४ मिमी म्हणजे १.१ पिक्सेल, म्हणजे ०.०२७ अंश. कॅमेऱ्याचा धारक ६० मिमी लांब आहे; त्याची एक बाजू २९ मायक्रॉन उचलली की एवढे वळते. आणि तो धारक प्लास्टिकचा. प्लास्टिक ॲल्युमिनियमच्या दोन-तीन पट फुगते, दोन बोल्टांमध्ये आवळलेले असल्यामुळे सरळ फुगता येत नाही, मग ते कलते.

दोष माझा. बाकावर सोपे म्हणून प्लास्टिकचे धारक लावले आणि तेच इथे आणले.

१२ जुलै

नवी बैठक आली. १६ मिमी ॲल्युमिनियमची एकच प्लेट, दोन्ही कॅमेऱ्यांची जागा एकाच सेटिंगमध्ये मिलिंग केलेली, जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिनांसह. कॅमेरा थेट धातूवर बसतो. दिवा वेगळ्या चौकटीवर. भट्टीच्या बाजूला पत्र्याचा आडोसा.

प्लेट करताना व्हीएमसी मिलिंग मशीनवरच्या दादांनी विचारले, "एवढ्या कॅमेऱ्याला एवढी जाड प्लेट?" त्यांना २९ मायक्रॉनचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "मग दोन्ही पॉकेट एकाच क्लॅम्पिंगमध्ये मारतो, जॉब सोडत नाही." त्यांना काय हवे ते मला वेगळे सांगावे लागले नाही.

या निमित्ताने एक गोष्ट मनात येत राहिली. १८०२ साली ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ बेसलाइन मोजली, सुमारे साडेसात मैलांची. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी खोक्यांत ठेवून, वर तंबूची सावली धरून आणि तापमान नोंदवत, कारण साखळी उन्हात लांबते. पुढे त्या रेषेपासून त्रिकोणामागून त्रिकोण रचत भारताची मोजणी हिमालयापर्यंत गेली. आपला त्रिकोण २०० मिमी पायाचा आणि एक मीटर उंचीचा आहे, पण काळजी तीच: पाया आणि दोन कोन. पायाची लांबी आपण राखली होती, कोन राखायला विसरलो.

पुन्हा कॅलिब्रेशन, फाउंड्रीत जागेवरच, कॅमेरे चालू करून चाळीस मिनिटे गरम होऊ दिल्यावर. दुपारची चूक आता ०.५. प्लेट दोन्ही बाजूंनी सारखी फुगते आणि कॅमेरे एकमेकांच्या तुलनेत वळत नाहीत.

१७ जुलै

धुळीसाठी लेन्ससमोर ३ मिमीची काच बसवली. रोबोट प्रत्येक कास्टिंग एक मिलिमीटर आधीच पकडायला लागला. तीन उंचींवर मोजले: १.०, १.१, १.०. सगळीकडे सारखे, म्हणजे शून्य सरकला.

पाण्याच्या तांब्यात टाकलेले नाणे वर आल्यासारखे दिसते, तेच इथे. काचेचा वक्रीभवनांक दीड धरला तर वस्तू काचेच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाने जवळ दिसते: ३ मिमीला १ मिमी. रोबोटचा शून्य आम्ही काच बसवण्याआधी घेतला होता. काचेसकट पुन्हा कॅलिब्रेशन केले आणि शून्य परत घेतला. यापुढे काच बदलायची तर त्याच जाडीची. तशी पट्टी चौकटीवर लावली.

१८ जुलै

कन्व्हेयर चालू असताना आकडे ३ मिमीने उडतात, थांबला की बरोबर. कन्व्हेयर उलटा चालवला तर चूकही उलट्या चिन्हाची. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकाच क्षणी निघत नव्हते. कन्व्हेयरचा वेग सेकंदाला १५० मिमी. ४ मिलिसेकंदांत ट्रे ०.६ मिमी पुढे जातो, म्हणजे १.४ पिक्सेल, म्हणजे ३ मिमी. सॉफ्टवेअरने दिलेला ट्रिगर (फोटो काढायचा इशारा) काढून दोन्ही कॅमेऱ्यांना एका तारेतून ट्रिगर दिला. एका तासाचे काम.

२४ जुलै

वाळूच्या साच्यातून आलेला पृष्ठभाग खरखरीत असतो, जुळवणीला उत्तम. अडचण फेटलिंगच्या ग्राइंडरने घासलेल्या जागांची; तिथे दिवा चमकतो आणि डाव्या-उजव्या कॅमेऱ्याला चमक वेगवेगळ्या ठिकाणी दिसते, कारण चमक पृष्ठभागावर चिकटलेली नसते. अशा जागी सिस्टिम खात्रीने चुकीची खोली देते. दिवे कडेने तिरके केले, आणि डावीकडून उजवीकडे जुळवलेला बिंदू उजवीकडून डावीकडेही तिथेच परत येतो का हे तपासून, न येणारे बिंदू टाकून दिले. उरलेल्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घेतो. कास्टिंगवर पन्नासपेक्षा कमी बिंदू उरले तर रोबोट ते सोडून पुढचे घेतो.

३१ जुलै

रोजच्या तपासणीची सोय झाली. ट्रेच्या बाहेर, पण दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी फ्रेमवर दोन ग्राइंड केलेल्या खुंट्या वेल्ड केल्या, माथ्यावर काळे-पांढरे गोल. वेल्डिंगने जागा हलतात म्हणून उंची वेल्ड झाल्यावर, काकांनी हाईट गेजने घेतली: दोघींतला फरक ६०.०४ मिमी. दर पाळीच्या सुरुवातीला सिस्टिम हा फरक मोजते. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त चुकला तर लाल दिवा लागतो आणि रोबोट थांबतो.

पाळीच्या ऑपरेटरांना हे समजावताना रीप्रोजेक्शन एररचे नाव काढले नाही. दोन खुंट्या दाखवल्या, हाईट गेजचा आकडा दाखवला, स्क्रीनवरचा आकडा दाखवला. एकाने लगेच विचारले, "ताई, खुंटीवर धूळ बसली तर?" बरोबर प्रश्न होता. गोलांचे केंद्र शोधताना पातळ धूळ चालते, जाड थर चालत नाही. पाळीच्या आधी कापड फिरवायचे असे ठरले, आणि ते कापड तिथेच खिळ्याला टांगले.

मात्र दोन कॅमेरे एकमेकांच्या तुलनेत वळले तर या दोन खुंट्यांतल्या फरकावर त्याचा परिणाम कमी दिसतो, कारण त्यांच्या अंतरांत फक्त ६० मिमी आहे. हिशेब केला: एका पिक्सेलची सरक एका खुंटीचे अंतर सव्वादोन मिमीने चुकवते, पण दोघींतला फरक फक्त पाव मिमीच्या आसपास. म्हणजे जी चूक आपल्याला ३ जुलैला भोवली, तीच या तपासणीतून निसटेल. त्यामुळे रोबोटच्या शून्याच्या तुलनेत प्रत्येक खुंटीची स्वतंत्र उंचीही नोंदवायला घेतली. लाल दिवा आता दोन्ही अटींवर लागतो.

६ ऑगस्ट

आठवड्याच्या नोंदी: फरक ६०.१, ६०.०, ५९.९, ६०.१, ६०.०, ६०.२. खालच्या खुंटीची उंची सकाळ-दुपारी मिळून ०.६ च्या आत. पहिल्या पाळीत एकदा लाल दिवा लागला. ट्रे भरणाऱ्या फोर्कलिफ्टने खांबाला घासले होते. प्लेटचे बोल्ट तपासले, डॉवेल जागेवर, पण खालच्या खुंटीची उंची १.३ मिमीने वेगळी. खांबच किंचित कलला आहे. खांबाला जमिनीत नवे अँकर बोल्ट मारायचे आणि समोर पिवळा कठडा लावायचा. उद्या सकाळी कॅमेरे गरम झाल्यावर रोबोटचा शून्य पुन्हा घ्यायचा. काकांना नऊ वाजता बोलावले आहे, हाईट गेज ते घेऊन येतील.